शनिवारचा धूर

नोटीस यायच्या तीन आठवडे आधी माझ्या टेबलावर एक उशीचा अभ्रा येऊन पडला होता. पांढरा, इस्त्रीचा आणि त्यावर मोहरीएवढे सात-आठ काळे ठिपके. मागच्या इमारतीतल्या आजी तो स्वतः घेऊन आल्या होत्या. "हा धुऊन दाखव," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, आजी, काजळी असेल, झटकली की जाईल. त्यांनी अभ्रा माझ्या हातातून घेतला, एका ठिपक्यावर बोट टेकवलं आणि ओढलं. काळी रेघ उमटली. "काजळी मला कळते रे. झटकून जाते ती काजळी. हे तेलकट आहे."

मी "बघतो" म्हणालो. आपल्याकडे 'बघतो'चा अर्थ काय होतो ते त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी वाट न पाहता प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार केली. आता मागे वळून पाहताना वाटतं, त्या एका बोटाच्या रेघेत सगळं उत्तर होतं. मला ते वाचायला पाच महिने लागले.

मी एका पाच मजली ऑफिस-इमारतीची देखभाल बघतो. लिफ्ट, पंप, एसी, आग विझवायची यंत्रणा आणि मागच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये ३२० केव्हीए क्षमतेचा डिझेल जनरेटर, २०१२ सालचा. वीज गेली की काही सेकंदांत तो उचलतो, म्हणून सगळे त्याच्यावर खूश. तो चालवणाऱ्या ऑपरेटरना सगळे मामा म्हणतात. मामांची नोंदवही बघण्यासारखी आहे: ऑइलचं प्रेशर, पाण्याचं तापमान, बॅटरीचे व्होल्ट, डिझेलची पातळी, चाललेले तास. एक ओळ चुकायची नाही. धुराचा रकाना मात्र त्यात नव्हता, आणि इतक्या वर्षांत तो असावा असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, माझ्याही नाही.

नोटीस हवा प्रदूषणाच्या १९८१ च्या कायद्याखाली होती. मागण्या तीन: जनरेटरची कागदपत्रं, धुराड्याच्या उंचीचा तपशील आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा धूरतपासणीचा अहवाल. मुदत पंधरा दिवस.

कागदपत्रं सोपी वाटली होती. इंजिनावर एक पट्टी असते, तिच्यावर उत्पादनाचं वर्ष आणि मान्यतेचा क्रमांक. ती शोधायला मामांनी रॉकेलचा बोळा घेऊन अर्धा तास तेलाचा थर पुसला. पट्टी मिळाली आणि तिथेच मला पहिला धक्का बसला. या इंजिनांच्या धुराची मर्यादा ठरते ती ते ज्या दिवशी बनलं त्या दिवसाच्या नियमाने. आमचं २०१२ चं, म्हणजे २००२ साली अधिसूचित झालेल्या जुन्या मर्यादेतलं: एक किलोवॅट-तास (एक युनिट) वीज बनवताना काजळीचे कण ०.३ ग्रॅमपर्यंत, नायट्रोजनची ऑक्साइडं ९.२ ग्रॅमपर्यंत. १ जुलै २०१४ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मर्यादांचा दुसरा टप्पा आला. त्यात आमच्या आकाराच्या इंजिनाला कण ०.२, आणि नायट्रोजन ऑक्साइडं व हायड्रोकार्बन मिळून ४. मग १ जुलै २०२३ पासून 'चार-प्लस' टप्पा: कण ०.०२, नायट्रोजन ऑक्साइडं ०.४०. म्हणजे आमच्या जनरेटरला जेवढी काजळी सोडायची परवानगी आहे, तेवढी आज विकत घेतलेली पंधरा इंजिनं मिळून सोडतील.

बरं, ही मर्यादा तपासली जाते कुठे? कारखान्यात, नमुन्याच्या इंजिनावर, ठरावीक इंधन घालून, पाच वेगवेगळ्या लोडवर, म्हणजे विजेच्या भारावर. पूर्ण, पाऊण, अर्धा, पाव आणि दहा टक्के. प्रत्येक लोडच्या आकड्याला वेगळं वजन आणि त्यांची मिळून एक सरासरी. ती सरासरी पट्टीमागे उभी असते. एकदा इंजिन शेडमध्ये जाऊन बसलं की पट्टीवरचा शब्द खरा आहे की नाही, हे आपल्या आवारात मोजण्याचा सोपा मार्ग नाही. धुराड्यात मोजतात ते दर घनमीटर धुरात किती मिलिग्रॅम कण. पट्टी बोलते ती दर युनिट विजेला किती ग्रॅम. दोन वेगळ्या भाषा. हे कळल्यावर मी कागदपत्रांची फाइल मिटून ठेवली. ती पूर्ण होती आणि तिच्यातून आजींच्या अभ्र्याबद्दल काही कळत नव्हतं.

धुराड्याची उंची हा खरा वादाचा विषय निघाला. डिझेल जनरेटरला मंडळाचं सूत्र साधं आहे: जनरेटर ज्या इमारतीत बसवलाय तिची उंची, अधिक केव्हीएच्या वर्गमुळाची ०.२ पट, सगळं मीटरमध्ये. ३२० चं वर्गमूळ १७.९, त्याच्या ०.२ पट म्हणजे सुमारे ३.६. आमचा एक्झॉस्ट पाइप शेडच्या मागून बाहेर पडून जेमतेम चार मीटरवर संपत होता आणि वर एल्बो, म्हणजे वाकडा जोड, लावून त्याचं तोंड कंपाउंडच्या भिंतीकडे वळवलेलं. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून कुणीतरी कधीतरी केलेली सोय.

आम्ही नेमलेल्या सल्लागाराने सांगितलं, काळजी करू नका. जनरेटर शेडमध्ये आहे, तेव्हा 'इमारत' म्हणजे शेड. तीन मीटर अधिक ३.६, झालं ६.६. अडीच-तीन मीटर पाइप वाढवा आणि विषय मिटवा. मला ते पटलं. खरं सांगायचं तर स्वस्तात पटलं.

मंडळाच्या क्षेत्र अधिकारी मॅडम पाहणीला आल्या तेव्हा मी हाच हिशेब त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी ऐकून घेतलं, मला घेऊन कंपाउंडच्या भिंतीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "साडेसहा मीटरवर काय आहे ते इथून दाखवा." मी वर पाहिलं. मागच्या इमारतीचा दुसरा मजला. कपडे वाळत घातलेली गॅलरी आणि आतून आमच्याकडे बघत असलेल्या आजी.

म्हणजे सूत्राचा आमच्या सोयीचा अर्थ लावून आम्ही धूर भिंतीवरून उचलून नेमका त्यांच्या खिडकीत नेऊन सोडणार होतो, आणि कागदावर नियम पाळलेला असणार होता. मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, "शेड कुणाची, कुठे टेकवलेली, ते बघा. सूत्र कशासाठी आहे तेही बघा." शेड मुख्य इमारतीला चिकटूनच होती. इमारत १७ मीटर. १७ अधिक ३.६. मी वहीत २०.६ लिहिलं आणि मुदत वाढवून मागितली.

वीस मीटरचं धुराडं म्हणजे लांब पाइप उभा करणं, अशी माझी कल्पना होती. ज्या फॅब्रिकेटरने काम केलं त्याने ती पहिल्याच दिवशी मोडली. पाइप लांबला की धूर बाहेर ढकलायला इंजिनाला जास्त जोर लागतो. इंजिन बनवणारी कंपनी त्या उलट दाबाची एक कमाल मर्यादा देते, तिच्या वर गेलं की इंजिन गुदमरतं आणि आणखी काळं ओकतं. म्हणून व्यास वाढवावा लागला. पाइपाचं वजन इंजिनाच्या टर्बोवर (धुराच्या जोराने फिरून आत हवा कोंबणाऱ्या पंख्यावर) येऊ नये म्हणून सुरुवातीला लवचीक जोड, बाकी सगळा भार इमारतीच्या ब्रॅकेटवर. आणि लोखंड तापलं की वाढतं. अठरा मीटर उभा पाइप तीनशे अंशांनी तापला तर सहा-सात सेंटिमीटर लांबतो. हे कळल्याशिवाय कुणी तो वर-खाली दोन्हीकडे घट्ट आवळला, तर काहीतरी तुटणारच. त्यामुळे ब्रॅकेट असे की पाइप धरला जाईल पण सरकू शकेल. वरचं तोंड सरळ आकाशाकडे. टोपी नको म्हणून मी हट्ट धरला, कारण छत्रीसारखी टोपी धूर पुन्हा खाली ढकलते. पावसासाठी झडप बसवली, जी धुराच्या जोराने उघडते आणि इंजिन बंद झालं की मिटते. आणि तळाशी एक ड्रेन प्लग. फॅब्रिकेटर म्हणाला, "पाणी साचतं साहेब, महिन्यातून एकदा उघडत जा." या प्लगबद्दल पुढे बोलायचंय.

मग तपासणीचा दिवस. प्रयोगशाळेची दोन पोरं आली, पाठीवर खोकी, एकाच्या खांद्यावर लांब नळी. जुन्या पाइपावर ही तपासणी होऊच शकली नसती, कारण नमुना घ्यायचं भोक अशा जागी लागतं जिथे धूर सरळ, शांत वाहतो. वळणापासून पुढे पाइपाच्या व्यासाच्या आठ पट आणि वरच्या तोंडापासून किंवा पुढच्या वळणापासून दोन पट अंतर सोडून. आमच्या जुन्या पाइपात तेवढी सरळ लांबीच नव्हती. नव्यात भोक, झाकण, उभं राहायला जाळीचा मंच, सगळं करून ठेवलं होतं. तरी झाकणाचे बोल्ट रंगाने असे चिकटले होते की मामांना पान्यावर हातोडी मारावी लागली.

मी त्या मंचावर अडीच तास उभा होतो. एवढं बारीक काम मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा एक वाकडी जोडनळी आत घालून धुराचा वेग घेतला. त्या वेगावरून नमुन्याच्या नळीला लावायचं तोंड निवडलं. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला, पंप लावा आणि ओढा. त्यातला मोठा पोरगा म्हणाला, "सर, पाइपात धूर ज्या वेगाने चाललाय त्याच वेगाने आपण ओढायचा. हळू ओढला तर बाजूची हवा वळून निघून जाते, पण जड कण वळत नाहीत, ते सरळ आपल्या नळीत घुसतात. आकडा फुगतो. जोरात ओढला तर उलटं." डिझेलची काजळी इतकी बारीक असते की ती हवेबरोबर वळतेच, हेही त्याने सांगितलं, पण पद्धत ती पद्धत. काच-तंतूची एक टोपी, अंगठ्यात घालायच्या दर्जी-टोपणासारखी. ती आधी वाळवून वजन केलेली. धूर तिच्यातून जाणार, कण तिच्यात राहणार, पुन्हा वजन.

नमुना संपल्यावर त्याने चिमट्याने ती टोपी बाहेर काढली. आत गेली होती तेव्हा खडूसारखी पांढरी होती. आता पाटीच्या रंगाची झाली होती, कोरडी, मऊ. "बरी आहे," तो म्हणाला. मला उगाच मुलगा पास झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या यंत्रावर वायू मोजले. प्राणवायू १२ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा कशाला, तर धुरात जादा हवा मिसळली की कण आपोआप पातळ दिसतात. ८०० किलोवॅटच्या वरच्या मोठ्या इंजिनांना म्हणून नियमातच अट आहे की आकडा १५ टक्के प्राणवायूवर आणून सांगायचा. २०.९ मधून १५ वजा करा, भागिले २०.९ मधून मोजलेला प्राणवायू वजा. प्राणवायू १३ असेल तर आकडा पाऊणपट होतो. १७ असेल तर दीडपट. हवा मिसळून सुटका नाही. आमच्यासारख्या मध्यम इंजिनांच्या धुराड्याला तशी वेगळी अट नाही. प्रयोगशाळेने अहवालात शेजारी लिहिली ती सर्वसाधारण मर्यादा, दर घनमीटरला १५० मिलिग्रॅम. आमचा आकडा तिच्या निम्म्याहून कमी आला.

अहवाल जोडून, धुराड्याचे फोटो लावून मी उत्तर पाठवलं. मॅनेजमेंटने पाठ थोपटली.

पुढच्याच शनिवारी दुपारी आजी गेटवर. हातात यंदाची भिंतीवरची दिनदर्शिका, खिळ्यासकट काढून आणलेली.

"ठिपके कमी झालेत," त्या म्हणाल्या. "वास तोच आहे. आणि हे बघ." दुधाच्या हिशेबाच्या बारीक आकड्यांमध्ये तांबड्या पेन्सिलीने काही तारखांना गोल केलेले. चार महिन्यांची पानं मी उलटली. एकोणीस गोल. त्यातले पंधरा शनिवारी.

वीज काही शनिवार पाहून जात नाही. मी मामांकडे पाहिलं. मामांनी नोंदवही उघडायचीही तसदी घेतली नाही. "शनिवारी ट्रायल असते ना साहेब. सकाळी साडेसातला. वीस मिनिटं."

दर शनिवारी मामा जनरेटर सुरू करून वीस मिनिटं चालवत. लोड शून्य. वीज गेल्यावर तो उचलेल याची खात्री म्हणून. ही सवय माझ्या आधीच्या माणसाने लावली, मी पुढे चालवली, कुणी कधी का म्हणून विचारलं नाही. मामांना तर तो दिवस आवडायचा. इंजिन गरम करायचं, कान लावायचा.

मला ड्रेन प्लग आठवला. धुराडं उभं राहून दोन महिने होत आले होते आणि प्लग कुणी उघडला नव्हता. मामांनी खाली रिकामा डबा धरून तो फिरवला. पाणी येईल असं वाटलं होतं. आधी थोडं पाणी आलंही. मग काळं, घट्ट, काकवीसारखं तार धरून उतरणारं काहीतरी डब्यात पडू लागलं. कपभर तरी असेल. बोट बुडवून मी कागदावर ओढलं. आजींच्या अभ्र्यावरची रेघ.

डिझेल इंजिन लोडशिवाय रिकामं चालवलं की सिलिंडर तापत नाही. फवारलेलं डिझेल पुरतं जळत नाही, पिस्टनच्या रिंगा नीट दाबल्या जात नाहीत, ऑइल वर चढतं, आणि हे सगळं ओलं, चिकट होऊन एक्झॉस्टमध्ये साचतं. इंग्रजीत त्याला वेट स्टॅकिंग म्हणतात, मामा 'पाइप ओला होणं' म्हणतात आणि ते त्यांना पंचवीस वर्षांपासून ठाऊक आहे. "मग सांगितलं का नाही?" मी म्हणालो. "तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही धूर काळा आहे का विचारता. तो काळा नसतोच. पांढुरका असतो." काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढुरका म्हणजे डिझेल न जळताच निघालंय. मी आयुष्यभर काळाच शोधत होतो.

आणि तपासणीच्या दिवशी? त्या दिवशी आकडा नीट यावा म्हणून आम्हीच दोन्ही लिफ्ट, पंप आणि अख्खा एसी जनरेटरवर टाकला होता. साठ टक्के लोड, इंजिन तासभर तापलेलं. त्यात लबाडी काही नव्हती. प्रयोगशाळेनेही लोड लावायला सांगितलं होतं. पण आजींच्या वाट्याला आलेला धूर त्या टोपीत शिरलाच नव्हता.

मी आठवडाभर लोडच्या नोंदी काढल्या. ३२० केव्हीए म्हणजे कामाचे २५६ किलोवॅट. २०१२ मध्ये ट्यूबलाइट होत्या, जुना एसी होता, प्रत्येक टेबलावर जाडजूड कॉम्प्युटर. आता एलईडी आले, लॅपटॉप आले, भाडेकरूंनी आपापले इन्व्हर्टर बसवले. वीज गेल्यावर जनरेटरवर येत होते ३५ ते ४० किलोवॅट. पंधरा टक्के. वीज वाचवल्याबद्दल आम्ही लॉबीत पाटी लावलेली आहे. त्या बचतीमुळे शेडमधला जनरेटर कायम अर्धवट तापलेला राहतो, हा हिशेब त्या पाटीवर नाही.

मॅनेजमेंटला दरम्यान धूर पकडणाऱ्या यंत्राची माहिती लागली होती. जुन्या जनरेटरच्या एक्झॉस्टवर बसवायचं, कण किमान ७० टक्के पकडणारं, मंडळाच्या पद्धतीने प्रमाणित. "ते बसवून टाका, कटकट नको." विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला. चाळिशीचा, पायात सेफ्टी शूज, म्हणजे फक्त माहितीपत्रक घेऊन फिरणारा नव्हे. त्याने दोनच गोष्टी विचारल्या. लोड किती असतो आणि टर्बोच्या पुढे धुराचं तापमान किती. लोड मी सांगितला. तापमान त्याने स्वतः मोजलं: पंधरा टक्क्यांवर दोनशे अंशांच्याही खाली, साठ टक्क्यांवर चारशेच्या जवळ.

त्याने यंत्र उघडून दाखवलं. आत चिनीमातीसारखी मधमाश्यांच्या पोळ्याची वीट, तिची अर्धी भोकं इकडून बुजवलेली आणि अर्धी तिकडून. धूर एका भोकातून आत शिरतो, पुढे वाट नाही म्हणून सच्छिद्र भिंतीतून शेजारच्या भोकात झिरपतो आणि काजळी भिंतीवर अडकते. पण अडकलेली काजळी जाळून टाकायला धूरच पुरेसा गरम लागतो. नाहीतर वीट तुंबते, उलट दाब वाढतो आणि इंजिन पुन्हा गुदमरतं. "तुमच्या शनिवारच्या ट्रायलवर हे चार महिन्यांत बंद पडेल," तो म्हणाला. "आधी लोड जमवा, मग मला बोलवा." आपला माल विकायला आलेल्या माणसाने असं सांगावं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

लोड जमवणं म्हणजे मामांशी भांडण. शनिवारची ट्रायल बंद करा म्हटल्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं: लिफ्टमध्ये माणूस अडकलेला असताना जनरेटर उचलला नाही तर शिव्या त्यांनाच. मी इंजिनाचं मॅन्युअल काढलं, त्यात लिहिलेलं होतं की तीस टक्क्यांच्या खाली जास्त वेळ चालवू नये. अमेरिकेतलं एनएफपीए ११० हे आणीबाणीच्या जनरेटरचं मानकही ट्रायल महिन्यातून एकदा, अर्धा तास, किमान तीस टक्के लोडवर घ्यायला सांगतं. मामांना अमेरिकेचं कौतुक नाही, पण मॅन्युअलच्या पानावर बोट ठेवून त्यांनी ते दोनदा वाचलं.

शेवटी ठरलं ते असं. आठवड्याला फक्त बॅटरी, ऑइल, पाणी, डिझेल आणि एअर फिल्टरची तांबडी पट्टी बघायची. सुरू करायचं नाही. महिन्यातून एकदा, कामाच्या दिवशी भर दुपारी ट्रायल, दुपारी अशासाठी की एसी पुरता चाललेला असतो. चेंजओव्हर करून, म्हणजे बाहेरची वीज तोडून, सगळी इमारत जनरेटरवर घ्यायची, पाऊण तास. भाडेकरूंना आदल्या दिवशी चिठ्ठी. इंजिन थंड उठू नये म्हणून पाण्याच्या जॅकेटला हीटर लावला. इंजेक्टर काढून तपासले. सहापैकी दोन फवारायच्या ऐवजी ठिबकत होते. आणि वीज खरोखर गेली तर पाच मिनिटांत एसीचा एक टप्पा आपोआप जनरेटरवर येईल अशी सोय पॅनलमध्ये केली. डिझेल वाचवायला आम्हीच तो इतकी वर्षं बाहेर ठेवला होता. जास्त डिझेल जाळून धूर कमी करायचा, हे मॅनेजमेंटच्या गळी उतरवायला मला तीन मीटिंगा लागल्या, आणि त्यातल्या दोन मी चिडून बिघडवल्या.

पहिल्या दुपारच्या ट्रायलला आम्ही सगळे गच्चीवर गेलो. सुरुवातीला झडप उघडली आणि एक पांढुरका लोट आला, मामांनी माझ्याकडे बघितलं. तीन-चार मिनिटांनी तो विरळ झाला. दहाव्या मिनिटाला धुराड्याच्या तोंडावर फक्त हवा थरथरताना दिसत होती, उन्हात डांबरी रस्त्यावर दिसते तशी. धूर दिसत नाही म्हणजे नाही, असं नव्हे, हे आता मलाही कळतं. नायट्रोजनची ऑक्साइडं दिसत नाहीत आणि गरम इंजिन ती उलट जास्तच बनवतं. त्यावरचा इलाज, युरिया फवारायची यंत्रणा, नव्या चार-प्लस इंजिनांत असते. आमच्यात नाही. ती उणीव फिल्टरने भरून निघणार नाही, हे मी मंडळाला पाठवलेल्या पत्रात लिहिलं आणि पुढचा जनरेटर निम्म्याहून लहान घ्यायचा प्रस्तावही जोडला.

धूर पकडणारं यंत्र त्यानंतर बसलं. त्याच्या उलट दाबाचा काटा मामा रोज टिपतात. नोंदवहीत त्यांनी आपणहून पट्टीने आखून एक रकाना वाढवलाय: 'धूर'. खाली ठरलेले शब्द. काळा, पांढरा, निळा, नाही.

दोन महिन्यांनी मीच आजींकडे गेलो. दिनदर्शिका खिळ्यावर परत गेली होती. शनिवार सगळे कोरे. एकच तांबडा गोल होता, मंगळवारी.

"रात्री दोनच्या सुमाराला," त्या म्हणाल्या. "खोकून उठले मी."

ऑफिसात येऊन वही काढली. मंगळवार, २:१०, वीज गेली. रात्री इमारत रिकामी, एसी बंद, लोड नऊ टक्के. धूर: पांढरा. मामांनी लिहून ठेवलं होतं. त्या रात्रीच्या लोडचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. लहान जनरेटरचा प्रस्ताव वरती पडलाय.

निघताना मी आजींना अभ्रा परत हवाय का विचारलं होतं. "आता काय करू त्याचं?" म्हणाल्या. तो सध्या शेडमध्ये असतो. मामा त्याने ऑइलची डिपस्टिक पुसतात.